ट्रॅकरचा आकडा किती खरा? अपघाताच्या तपासासाठी उपकरणाची परीक्षा कशी घ्यायची

सरावलीला आमच्या पाड्यावर एक काका आहेत. टेम्पो चालवतात. चिकूच्या हंगामात वाड्यांमधून माल उचलायचा आणि बाजारात पोचवायचा, हे त्यांचं काम. मागे एकदा संध्याकाळी डहाणूहून चारोटीकडे जाताना त्यांच्या टेम्पोची एका मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवाला वाचला, पण त्याचा पाय मोडला. केस झाली. टेम्पोत मालकाने बसवलेला जीपीएस ट्रॅकर होता. त्याचा प्रिंटआउट निघाला आणि सगळं प्रकरण त्या एका कागदावर येऊन थांबलं.

काका तो कागद घेऊन घरी आले आणि म्हणाले, "तू या डब्यांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, मी जोरात होतो का?"

कागदावर कामाच्या ओळी दोनच होत्या. (कुणाची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. तुम्हीही फील्डवर्कमधल्या माणसांबद्दल लिहाल तेव्हा असंच करा.)

६:४२:१० – वेग ७१ किमी/तास
६:४२:४० – वेग ०

दोन बिंदूंमधलं अंतर २१० मीटर. पंचनाम्यातल्या मापांवरून धडकेची जागा पहिल्या बिंदूपासून साधारण १९० मीटरवर येत होती. टेम्पो त्यापुढे २० मीटरवर थांबला होता. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा साध्या रस्त्यावर मालवाहू गाडीला जास्तीत जास्त ६० ची मर्यादा आहे. समोरच्या पक्षाचं म्हणणं सरळ होतं: ट्रॅकर ७१ सांगतोय, म्हणजे ७१ च्या वेगाने धडक दिली.

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून इथेच थांबा आणि स्वतःला विचारा: या दोन ओळींवरून धडकेच्या क्षणाचा वेग काढता येतो का?

दोन ओळींत किती गोष्टी मावतात

चला, हिशोब करू. ७१ किमी/तास म्हणजे सेकंदाला सुमारे १९.७ मीटर.

पहिली शक्यता. टेम्पो त्याच वेगाने पुढे आला, मोटारसायकल आडवी आली, धडकेच्या १२ मीटर आधी जोरात ब्रेक लागला. सुक्या डांबरावर ब्रेकने दर सेकंदाला ६ मीटर/सेकंद वेग कमी होतो असं धरू. मग धडकेच्या वेळी वेग निघतो सुमारे ५६ किमी/तास, आणि टेम्पो बरोबर २१० मीटरवर थांबतो. एकूण वेळ साधारण १२ सेकंद.

दुसरी शक्यता. पहिल्या ओळीनंतर लगेच काकांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि वेग हळूहळू, एकसारखा कमी होत गेला. तरीही टेम्पो २१० मीटरवरच थांबतो. एकूण वेळ साधारण २१ सेकंद. पण धडकेच्या वेळी वेग निघतो फक्त २२ किमी/तास.

दोन्ही गोष्टी ३० सेकंदांच्या आत बसतात. दोन्ही त्या कागदाशी शंभर टक्के जुळतात. एकीत ५६, दुसरीत २२. आणि धडकेआधी ब्रेकच लागला नाही असं धरलं, तर ७१ सुद्धा बसतो!

म्हणजे ट्रॅकर खोटं बोलला का? नाही. ७१ हा आकडा अगदी बरोबर असू शकतो. तो फक्त वेगळ्या क्षणाचा आहे. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नाहीच.

या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या: उपकरण अचूक आहे का, हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या प्रश्नासाठी अचूक आहे, हे ठरवल्याशिवाय परीक्षा सुरूच करता येत नाही. टेम्पो आत्ता कासाला आहे की तलासरीला, हे मालकाला सांगायला ३० सेकंदांची नोंद भरपूर झाली. धडकेच्या क्षणाचा वेग सांगायला तीच नोंद निकामी आहे.

आपल्याच हायवेवरचं उदाहरण

काकांची केस कुणाला माहीत नाही. पण याच तालुक्यातला एक अपघात साऱ्या देशाने पाहिला. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ज्या मर्सिडीज गाडीत मागच्या सीटवर बसले होते, ती मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ वर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्याला धडकली. मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला, पुढच्या सीटवरचे दोघे जखमी झाले.

या अपघाताच्या बातम्यांमध्ये वेगाचे दोन वेगळे आकडे आले. मला वर्गात शिकवायचं असेल तर मी याच दोन आकड्यांपासून सुरुवात करेन.

पहिला आकडा लगेच आला. पोलिसांच्या हवाल्याने बातम्यांत म्हटलं होतं की तपासणी नाक्याच्या सीसीटीव्हीत गाडी दुपारी २:२१ च्या सुमाराला दिसली, अपघात २:३० च्या सुमाराला झाला आणि मधलं अंतर सुमारे २० किलोमीटर. २० किलोमीटर ९ मिनिटांत, म्हणजे सरासरी १३३ किमी/तास.

दुसरा आकडा काही दिवसांनी आला. कंपनी आणि आरटीओ यांनी पोलिसांना दिलेल्या अहवालांच्या हवाल्याने सांगण्यात आलं की धडकेच्या ५ सेकंद आधी गाडीचा वेग १०० किमी/तास होता आणि ब्रेक लागून धडकेच्या वेळी तो ८९ झाला होता. हा आकडा गाडीच्या आतल्या नोंदींचा.

बऱ्याच जणांनी विचारलं, यातला खरा कुठला? हा प्रश्न चुकीचा आहे. पहिला आकडा २० किलोमीटरची सरासरी आहे, दुसरा एका क्षणाचा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

पण पहिल्या आकड्यात त्रुटी किती, ते बघा. वेळा मिनिटांत दिल्या आहेत, त्यामुळे ९ मिनिटं म्हणजे ८ ते १० मधलं काहीही असू शकतं. अंतर "सुमारे" २०, म्हणजे १९ ते २१ धरू. आता सरासरी वेग ११४ ते १५७ मध्ये कुठेही पडतो. त्यात कॅमेऱ्याचं घड्याळ आणि अपघाताची वेळ ज्यावरून धरली ते घड्याळ यांत ३ मिनिटांचा फरक असेल तर? ९ ऐवजी १२ मिनिटं, आणि सरासरी थेट १००. अशा फरकाने एखादा माणूस बेदरकार ठरतो किंवा ठरत नाही.

आता दुसरा आकडा. ५ सेकंदांत १०० वरून ८९. हा वेग एकसारखा कमी झाला असेल तर ब्रेक अगदी हलका होता, सेकंदाला ०.६ मीटर/सेकंद इतकाच. पण जोरात ब्रेक लागला, सेकंदाला ७ मीटर/सेकंद, तर तेवढाच वेग कमी व्हायला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणजे "१०० आणि ८९" या जोडीत दोन फार वेगळ्या गोष्टी मावतात. एकीत चालकाला धोका आधी जाणवला, दुसरीत अगदी शेवटी. मी त्या अपघाताबद्दल निष्कर्ष काढत नाहीये. तपास करणाऱ्यांना मधल्या नोंदी बघता येतात, बातमीत त्यांची फक्त दोन टोकं येतात. मुद्दा इतकाच की काकांचे ३० सेकंद असोत की मर्सिडीजचे ५ सेकंद, दोन नोंदींच्या मधे काय झालं हे आपण स्वतःच्या मनाने भरत असतो.

डब्यात कोणती माहिती कुठून येते

परीक्षा घेण्याआधी विद्यार्थी ओळखायला हवा. गाडीची माहिती ठेवणाऱ्या उपकरणांचे ढोबळ दोन प्रकार.

पहिला, गाडीतला इव्हेंट डेटा रेकॉर्डर. हा एअरबॅगच्या यंत्रणेसोबत असतो आणि धडक बसली की आधीच्या काही सेकंदांच्या नोंदी गोठवून ठेवतो. अमेरिकेच्या जुन्या नियमात धडकेआधीचे ५ सेकंद, सेकंदाला २ नोंदी, एवढं मागितलेलं होतं. तिथल्या तपासनीसांना ते अपुरं वाटलं. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून २० सेकंद आणि सेकंदाला १० नोंदी असं करण्यात आलं. याचा वेग साधारणपणे चाकांच्या फिरण्यावरून येतो. त्यामुळे ब्रेक लागून चाकं घसरली तर उपकरण गाडीच्या खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू शकतं.

दुसरा, जीपीएस ट्रॅकर. भारतात सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० हे मानक आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या अशा नव्या वाहनांना ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं. रिक्षा आणि दुचाकींना त्यातून सूट आहे. या मानकात जागेची अचूकता २.५ मीटर सीईपी मागितली आहे. नेटवर्क नसेल तेव्हा ४०,००० नोंदी आत साठवता याव्यात आणि गाडीची बॅटरी तुटली तरी उपकरण ४ तास चालावं, हेही त्यात आहे. काकांच्या टेम्पोत होता तसा खाजगी ट्रॅकर मात्र मालक स्वतःच्या सोयीने बसवतो.

सीईपीचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण व्हायवात इथे हमखास अडकवतात. २.५ मीटर सीईपी म्हणजे "चूक २.५ मीटरच्या आत असते" असं नाही. निम्म्या नोंदी २.५ मीटरच्या वर्तुळात पडतात, असा त्याचा अर्थ. उरलेल्या निम्म्या बाहेर!

ट्रॅकरच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: जागा, वेग आणि वेळ. तिन्ही वेगवेगळ्या वाटेने येतात, म्हणून तिघांची परीक्षाही वेगळी घ्यावी लागते.

जागा येते उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून. मोकळ्या आकाशाखाली ती चांगली असते. उड्डाणपुलाच्या कडेला किंवा दाट झाडीत सिग्नल कमजोर होतो, भिंतीवर आपटून येतो आणि बिंदू रस्ता सोडून शेतात जातो.

वेग बहुतेक उपकरणांत दोन बिंदूंच्या अंतरावरून काढत नाहीत. तो येतो डॉप्लर परिणामावरून. डहाणू रोड स्टेशनवर न थांबता गाडी धडधडत जाते तेव्हा तिच्या भोंग्याचा सूर जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता वाटतो, तेच तत्त्व. त्यामुळे जागा काही मीटर चुकलेली असूनही वेग बराच बरोबर असू शकतो. याउलट, उपकरणाने दिलेला वेग बाजूला ठेवून कुणी दोन बिंदूंवरून वेग काढला, आणि दोन बिंदू मिळून ५ मीटरची चूक असली, तर १ सेकंदाच्या अंतराने वेगात १८ किमी/तासाची चूक येते. ३० सेकंदांच्या अंतराने तीच चूक ०.६ इतकी लहान होते, पण तेव्हा तो क्षणाचा वेग न राहता सरासरी झालेला असतो. इकडे आड, तिकडे विहीर.

वेळ ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. जीपीएसचं घड्याळ लीप सेकंद धरत नाही, त्यामुळे जानेवारी २०१७ पासून ते जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. ही दुरुस्ती उपग्रह स्वतःच पाठवतात, पण साडेबारा मिनिटांतून एकदा. उपकरण नुकतंच चालू झालं असेल आणि त्याच्या फर्मवेअरमध्ये जुनी किंमत असेल, तर तोवर वेळ काही सेकंद चुकू शकते. १०० च्या वेगाने १८ सेकंद म्हणजे ५०० मीटर. शिवाय प्रिंटआउटवरची वेळ उपकरणाची आहे की सर्व्हरला नोंद पोचल्याची, हेही विचारा. नेटवर्क नसलेल्या पट्ट्यातून गेलेल्या गाडीच्या नोंदी नंतर एकदम पोचतात.

परीक्षा कशी आखायची

आता समजा तुमचा विषय हाच आहे: अमुक मॉडेलचा ट्रॅकर अपघाताच्या तपासात कितपत विश्वासार्ह आहे. मी असं आखेन.

आधी निकष लिहा. "धडकेच्या क्षणाचा वेग ±५ किमी/तासाच्या आत सांगता आला तर उपकरण या कामासाठी चालेल." हे डेटा हातात येण्याआधी लिहा आणि गाइडना मेल करून ठेवा. नंतर लिहिलं की माणूस नकळत निकष डेटाच्या मापाने शिवतो.

संदर्भ ठरवा. परीक्षा म्हणजे तुलना, आणि तुलनेला तुमच्या उपकरणापेक्षा बरंच अचूक दुसरं उपकरण लागतं. गाडीचा स्पीडोमीटर चालणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमात स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, पण जास्त दाखवायला मुभा आहे. खरा वेग ८० असताना ९२ दाखवला तरी तो नियमात बसतो. मोबाइलही नको, तो तुमच्या ट्रॅकरचाच भाऊ आहे. आरटीके पद्धतीचा जीपीएस घ्या. तो सेंटिमीटरमध्ये जागा देतो. त्याला लागणारी दुरुस्ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यातून मिळू शकते आणि ते जाळं महाराष्ट्रात आहे.

घड्याळं जुळवा. जोरदार ब्रेकमध्ये वेग दर सेकंदाला साधारण २५ किमी/तासाने पडतो. म्हणजे दोन उपकरणांची घड्याळं एका सेकंदाने जरी पुढे-मागे असली, तरी तुम्हाला २५ ची "चूक" दिसेल, जी उपकरणाची नाही, तुमची आहे. मी पहिल्या वर्षी इथेच दोन महिने घालवले. रोज आलेख बघायचे आणि ट्रॅकरला नावं ठेवायचे. दोष माझ्या लॅपटॉपच्या घड्याळात होता.

मग प्रत्यक्ष चाचण्या.

१. स्थिर चाचणी. मोजलेल्या बिंदूवर, मोकळ्या गच्चीत उपकरण २४ तास ठेवा. तासाभरात उरकू नका. उपग्रहांची मांडणी दिवसभर बदलत राहते आणि साधारण एका दिवसाने पुन्हा तशीच येते, म्हणून पूर्ण दिवस.

२. बसवण्याची चाचणी. तेच उपकरण डॅशबोर्डवर आणि सीटखाली, दोन्हीकडे ठेवून बघा. माहितीपत्रकातली अचूकता मोकळ्या आकाशाची असते. टेम्पोत डबा पत्र्याखाली कोंबलेला असतो. प्रत्यक्षात जसं बसवतात तसं तपासा.

३. एकसारखा वेग. ३०, ५०, ७० अशा वेगांवर, दोन्ही दिशांनी, प्रत्येकी किमान दहा फेऱ्या.

४. ब्रेकची चाचणी. अपघातासाठी हीच सगळ्यांत महत्त्वाची आणि बरेच जण हीच टाळतात. पुष्कळ ट्रॅकर आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून वेगाच्या नोंदींवर फिल्टर लावतात. एकसारख्या वेगात तो फिल्टर उत्तम वागतो. ब्रेक लागताच मात्र मागे पडतो आणि गाडी थांबली तरी वेग दाखवत राहतो. ही चाचणी हायवेवर अजिबात करायची नाही. बंद मैदान किंवा चाचणीचा ट्रॅक लागतो. पुण्याची एआरएआय किंवा इंदूरजवळच्या पीथमपूरचा नॅट्रॅक्स अशा ठिकाणी गाइडच्या पत्राने विचारणा करा. संशोधनासाठी अपघात करून ठेवू नका.

५. आकाशाची चाचणी. आमच्या भागात चारही प्रकार हाताशी आहेत. मोकळा हायवे, उड्डाणपुलाची कड, चिकूच्या वाड्यांमधला रस्ता आणि जव्हारकडचा घाट. चिकूचं झाड बारमाही हिरवं आणि दाट, त्यामुळे इथे ऋतूची सबब नाही. तरीही पावसाळ्यात एक फेरी वेगळी करा, ओली पानं सिग्नल जास्त अडवतात.

६. वीज तोडण्याची चाचणी. अपघातात बॅटरीची वायर तुटते. उपकरण चालू असताना वीज तोडा आणि शेवटची नोंद किती सेकंद आधीची आहे ते बघा. नोंदी आधी तात्पुरत्या मेमरीत आणि मग कायमच्या मेमरीत जात असतील, तर हव्या असलेल्या शेवटच्या दोन-चार सेकंदांचाच पत्ता नसतो.

आकडेवारीतले दोन खड्डे

पहिला खड्डा सहसंबंधाचा. ट्रॅकर आणि संदर्भ यांचा सहसंबंध ०.९९ आला की आपण खूश होतो. पण एखादा ट्रॅकर कायम ८ किमी/तास जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध १ येतो. त्यापेक्षा दोघांमधला फरक काढा आणि तो दोघांच्या सरासरीसमोर मांडा. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ही पद्धत वैद्यकातल्या मापांसाठी मांडली आणि ती इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. सरासरी फरक किती, फरकांचा पसारा किती, आणि वेग वाढला की फरक वाढतो का, हे एका चित्रात दिसतं. सोबत सगळ्यांत मोठी चूक किती होती, तेही लिहा. न्यायालयात कुणाच्या वाट्याला सरासरी चूक येत नाही. त्याच्या वाट्याला त्याच्या ओळीतली चूक येते.

दुसरा खड्डा संख्येचा. सेकंदाला एक नोंद, तासाला ३,६०० ओळी. दहा तास गाडी फिरवली की "माझ्याकडे ३६,००० निरीक्षणं आहेत" असं लिहायचा मोह होतो. ती ३६,००० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. एकच उपकरण, एकच गाडी, एकच दिवस. शेजारच्या दोन सेकंदांच्या चुका एकमेकींसारख्याच असतात. फेऱ्या मोजा, ओळी नको. आणि एकाच मॉडेलचे निदान चार-पाच डबे घ्या, नाहीतर तुम्ही मॉडेलची नव्हे, एका डब्याची परीक्षा घेतलीत. फर्मवेअरची आवृत्तीही लिहून ठेवा. ती बदलली तर जुने निष्कर्ष लागू राहतीलच असं नाही.

डेटा न्यायालयात उभा राहतो का

ही बाजू अभियांत्रिकीचे विद्यार्थी सोडून देतात. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आधी ते भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. हे प्रमाणपत्र किती गरजेचं, यावरचा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात आला: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा वाद. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर त्यातल्या नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र हवंच, असं त्यात ठरलं. नव्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

पण हॅश एवढंच सांगतो की फाइल नंतर बदललेली नाही. फाइलमधला ७१ बरोबर होता की नाही, हे हॅश सांगत नाही. ते तुमच्यासारख्या कुणीतरी घेतलेल्या परीक्षेतूनच कळतं. म्हणून कच्च्या नोंदी मागा. नकाशावरची रेघ सुंदर दिसते, पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भरकटलेला बिंदू ओढून रस्त्यावर बसवलेला असतो. प्रिंटआउट हा डेटा नव्हे, तो डेटाचा फोटो आहे, आणि तोही कधी कधी टचअप केलेला.

काकांना काय सांगितलं

काकांच्या प्रश्नावर मी दोन संध्याकाळ बसले. शेवटी एका कागदावर तीन वाक्यं लिहून दिली. पहिलं, धडकेच्या १९० मीटर आधी टेम्पोचा वेग ७१ च्या आसपास होता, म्हणजे त्या क्षणी तो मर्यादेपेक्षा जास्त होता. दुसरं, धडकेच्या क्षणाचा वेग या नोंदींवरून काढता येत नाही. २२ पासून ७१ पर्यंत काहीही जुळतं. तिसरं, हे उपकरण स्वतः दर काही सेकंदांनी नोंद ठेवत असेल आणि मालकाच्या सर्व्हरला फक्त ३० सेकंदांनी पाठवत असेल, तर मधल्या नोंदी डब्याच्या मेमरीत असू शकतात. त्या पुसल्या जाण्याआधी रीतसर मागवाव्यात.

काकांना पहिलं वाक्य आवडलं नाही. म्हणाले, "ते कशाला लिहिलंस?" मी म्हटलं, "काका, ते खोडलं तर उरलेल्या दोन वाक्यांवर कोण विश्वास ठेवेल?" ते काही बोलले नाहीत. पण कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे नेला.

त्या मोटारसायकलवाल्यालाही मी हीच तीन वाक्यं दिली असती. त्याचा पाय मोडलाय, नेमकं काय झालं हे कळण्याचा हक्क त्यालाही तेवढाच आहे. त्रुटीची मर्यादा कुणाच्या बाजूची नसते. तुमच्या थीसिसमधला ± हा परीक्षकाला दाखवण्यापुरता लिहू नका. कधीतरी कुणीतरी तो वाचून एखाद्या माणसाबद्दल निर्णय घेणार आहे, असं धरूनच लिहा.

आणि एखादा ट्रॅकर हाताशी आला, तर आज रात्री त्याला गच्चीत ठेवा. २४ तासांचे बिंदू आलेखावर टाका. एकाच जागी ठेवलेला डबा रात्रभर कुठे कुठे फिरून आला, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथून पुढचं संशोधन आपोआप सुचत जाईल.